शंकरपाळ्यांतला छेदनबिंदू

तुम्ही माझं प्रमेय वाचलंच नाही. शेवटची ओळ तेवढी वाचलीत, आडवी लाल रेघ ओढलीत आणि पुढच्या गठ्ठ्याला हात घातलात. तुमचं नाव मला माहीत नाही. पेपर तपासणाऱ्याचं नाव कुणालाच सांगत नाहीत, तेवढी सोय तुम्ही लोकांनी करून ठेवलेली आहे. गवंड्याला ती सोय नाही. भिंत कलली की अख्खी गल्ली त्याच्या दारात येऊन उभी राहते. तुम्ही चार मार्कांचं शून्य केलंत त्याला अकरा वर्षं झाली. आता जरा बसा आणि ऐका.

"एकशे अडुसष्ट," मगदूम सर म्हणाले. "मोजून घे. एक कमी नाही, एक जास्त नाही."

जयसिंगपुरात दहाव्या गल्लीत सरांचं घर. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, शहाबादी फरशांच्या थप्प्या लावलेल्या. सर गणिताचे मास्तर, चौतीस वर्षं शिकवून रिटायर झालेले. पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीची, राजमतीची, लग्नाची सुपारी फुटणार होती आणि तोवर सोप्याला नवी फरशी हवी होती. मी यल्लाप्पा देवकर, जातीनं वडार, कामानं गवंडी, वय त्या वेळी चौतीस. सर जेवढी वर्षं शिकवत होते, तेवढी वर्षं मी नुसता जिवंत होतो.

"सर, आणि बारा लागतील," मी म्हणालो.

"का? सोपा चौदा बाय बारा. फरशी एक फुटाची. चौदा गुणिले बारा किती?"

"एकशे अडुसष्ट."

"मग?"

"एखादी फुटती, एखादी कापावी लागती."

"गणितात फुटत नाही."

"गणितात न्हाई फुटत. माझ्या हातात फुटती."

आतून काकींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, आणा की बारा! चाळीस वर्षं झाली, भाजीसुद्धा मोजून आणता आणि पाहुणा आला की मी उपाशी!"

मी बोलत बसलो नाही. दोरी काढली आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतून ताणली. एक कर्ण अठरा फूट साडेतीन इंच भरला, दुसरा अठरा फूट सात.

"बगा. तुमचं गणित बराबर हाय. सोपा चुकलाय."

आमच्या गावाचे रस्ते आखून काढलेत. बाहेरचा माणूस बघून म्हणतो, काय काटकोन आहेत! रस्ते काटकोनात आहेत. आतली घरं ज्यानं बांधली त्याच्या मेहेरबानीवर आहेत.

सर मानेनात. मग मी कोपऱ्यात खिळा ठोकला. एका भिंतीला तीन फुटांवर खूण केली, दुसरीला चार फुटांवर, आणि दोन खुणांत टेप धरला. पाच फूट भरायला हवं होतं, चार फूट साडेअकरा इंच भरलं.

"तीन आणि चार असले की पाच आलंच पायजे. न्हाई आलं म्हंजे कोपरा खोटा."

सरांचे डोळे चमकले. मास्तर माणसाचे डोळे असे चमकले की समोरच्यानं पळून जावं. मी नवखा होतो.

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? माझा बा सांगायचा."

"त्याला कुणी सांगितलं?"

"त्याच्या बानं."

"आणि तो चुकला असेल तर?"

मी थापी खाली ठेवली. "सर, बापापर्यंत जाऊ नका. आणि हे पुस्तकातबी हाय. मला पाठ हाय." आणि मी प्रमेय म्हणून दाखवलं. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं एका दमात.

सर थंडच झाले. "तू कुठं शिकलास हे?"

मग सांगावं लागलं. सातवीत शाळा सुटली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलो होतो, बाकीचे विषय आधीच निघाले होते, गणित दोनदा राहिलं होतं. ठेकेदारानं शब्द दिला होता, या जूनपर्यंत दहावी पास झालास तर नव्या साइटवर तुला सुपरवायझर करतो. म्हणजे पाटी डोक्यावरून हातात, आणि हातातून दुसऱ्याच्या डोक्यावर. पेपरला बारा दिवस होते.

"पाठ आहे म्हणतोस. कळलंय का?"

"पाठ हाय म्हणलं की."

सर आत गेले ते खडू घेऊन आले. मला एक फरशी कापायला लावली, थप्पीत कोपरा उडालेली एक होतीच. तिच्यातून सारख्या मापाचे चार काटकोनी तुकडे काढले. एक बाजू तीन इंच, दुसरी चार. सरांनी खालच्या सिमेंटच्या कोब्यावर सात इंचांचा चौकोन आखला आणि म्हणाले, "चारही ह्यात बसव. कोपऱ्याला कोपरा, गोल फिरवत."

बसवले. मधे एक तिरका चौकोन रिकामा राहिला.

"त्या रिकाम्या चौकोनाची बाजू कुठली?"

"तुकड्याची तिरकी बाजू. कर्ण."

"आता तेच चार तुकडे, दोन-दोन जोडून आयत कर. ह्याच चौकोनात बसव."

बसवले. आता दोन चौकोन रिकामे राहिले. एक तीनाचा, एक चाराचा.

"तुकडे तेच. बाहेरचा चौकोन तोच. मग रिकामी जागा?"

मी बघत राहिलो. तेवढीच. रिकामी जागा तेवढीच असणार, दुसरं काही होऊच शकत नाही. आधीचा एक चौकोन म्हणजे नंतरचे दोन. टेप नाही, माप नाही, बाप नाही. मी तुकडे पुन्हा फिरवले, पुन्हा बसवले. हे फरशीचं नव्हतं, हे जयसिंगपूरचंही नव्हतं. हे कुठंही असंच होणार.

आयुष्यात मला ज्यांनी ज्यांनी खात्रीनं सांगितलं, त्या सगळ्यांनी फसवलं होतं. ठेकेदार, मुकादम, मतं मागायला येणारे, सोयरीक जमवणारे, खात्री देताना कुणाचा आवाज कधी हलला नाही. आणि इथं पहिल्यांदा एक गोष्ट अशी भेटली की तिच्यासाठी कुणाच्या शब्दाची गरजच नाही. मला रडूच यायला लागलं होतं, पण काकी चहा घेऊन आल्या.

"काय झालं? फुटली होय फरशी?"

"न्हाई काकी. सापडलं."

"मग बसवा पटापट. रविवारी पाहुणे काय कोब्यावर बसणार?"

दुसरा दिवस सोमवार, फरशीचं दुकान बंद होतं. बारा फरशा मंगळवारशिवाय येणार नव्हत्या. म्हणून मी कोबा झाडून लेव्हल बघत होतो, आणि सर खडू घेऊन माझ्यामागं फिरत होते. चौतीस वर्षांची सवय, समोर पोरगं दिसलं की खडू आपोआप हातात येतो.

"कालचं पटलं?"

"पटलं म्हंजे! आता देव जरी खाली येऊन न्हाई म्हणला तरी मी ऐकायचा न्हाई."

"बरं. मग हे बघ." सरांनी कोब्यावर एक वेडावाकडा त्रिकोण काढला. "वरच्या कोपऱ्याचा कोन बरोबर अर्धा करणारी रेघ खाली सोड. तळाच्या बाजूच्या बरोबर मध्यावर एक लंब उभा कर. ह्या दोन रेघा कुठंतरी भेटणार. ह्या इथं भेटल्या." त्यांनी त्रिकोणाच्या पोटात एक टिंब दिलं. "त्या टिंबातून डाव्या बाजूवर एक लंब, उजवीवर एक लंब. आता डाव्या बाजूचा वरचा तुकडा आणि उजवीचा वरचा तुकडा, सारखे का?"

"सारखे. कोन अर्धा केलाय. दोन्हीकडचे त्रिकोण एकरूप."

"शाब्बास. खालचे तुकडे?"

मी विचार केला. टिंब मधल्या लंबावर, म्हणजे तळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून सारखंच लांब. दोन्ही लंबही सारखे. "तेबी सारखे."

"वरचे सारखे, खालचे सारखे. मग अख्खी डावी बाजू आणि अख्खी उजवी बाजू?"

"सारख्याच," मी म्हणालो आणि मग माझ्या ध्यानात आलं मी काय म्हणालो ते.

"म्हणजे जगातल्या कुठल्याही त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्याच असतात. सिद्ध झालं." सरांनी हात झटकले.

"आणि माझं तीन आणि चार?"

"सारखेच."

"मग मी गवंडीकाम सोडून भजी तळू काय?"

"चूक दाखव. नाहीतर मान्य कर." आणि हा माणूस आत जाऊन पेपर वाचत बसला.

मी पायरी न् पायरी तपासली. पुस्तक काढलं, एकरूपतेच्या कसोट्या काढल्या. सगळं बरोबर. प्रत्येक वाक्य खरं आणि शेवटचं वाक्य थोतांड! डब्यातली भाकरी तशीच राहिली. मला राग आला तो ह्या त्रिकोणाचा नाही, कालच्या तुकड्यांचा आला. कालसुद्धा असंच पटलं होतं. अगदी असंच, आतून. पटण्यात काल आणि आज काडीचा फरक नव्हता. मग कालचं खरं कशावरून? काल मी चूक शोधलीच नव्हती, मी तर रडायच्या तयारीत होतो.

शेवटी म्हटलं, खडूचं मास्तरांनी करावं, आपण दोरी काढावी. माझं हक्काचं माप घेतलं, तीन-चार-पाच, दुप्पट करून सहा-आठ-दहा. दहाची बाजू स्वयंपाकघराच्या भिंतीलगत ठेवली, तिचा मध्य बरोबर दाराच्या मधोमध आला. त्रिकोणाच्या समोरच्या कोपऱ्यात खिळा ठोकला. दोन्ही बाजूंवर तीन-तीन फूट मोजून, त्या दोन खुणांचा मध्य धरून, गवंडी जसा कोन अर्धा करतो तसा केला आणि दोरी ताणली. गुण्या, म्हणजे लोखंडी काटकोन, लावून तळाच्या मध्यावर दुसरी दोरी उभी केली.

त्रिकोणाच्या आत त्या दोऱ्या भेटल्याच नाहीत!

जवळ जवळ येत होत्या, पण तळाच्या बाजूपाशी पोचल्या तरी दोघींत वीतभर अंतर होतं. मी दोरी पुढं ओढत गेलो. दोऱ्या उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात शिरल्या.

"अगं बाई! हे काय?" काकी चुलीपुढून ओरडल्या. रविवारच्या तयारीला शंकरपाळ्या तळून परातीत पसरल्या होत्या. "पाय काढ आधी! सोवळ्यातलं आहे!"

"काकी, एक मिनिट. रेघा भेटंनात."

"कुणाच्या रेघा?"

"सरांच्या."

"त्यांच्या कधी भेटल्यात कुणाशी! जरा उजवीकडनं घे. परात, परात!"

उंबऱ्यापासून आत पाच फुटांवर, बरोबर परातीच्या मधोमध, शंकरपाळ्यांवर दोन दोऱ्या एकमेकींना कापून गेल्या.

"सर!" मी ओरडलो. "टिंब आत न्हाई! टिंब शंकरपाळ्यांत हाय!"

सर धावत आले. उंबऱ्यावर दोरीला पाय अडकून पडता पडता वाचले. त्यांनी परात बघितली, दोऱ्या बघितल्या आणि असे हसायला लागले की काकींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

चोरी तिथं होती. सरांनी टिंब हातानं आत दिलं होतं, आणि मी ते डोळ्यांनी मान्य केलं होतं. टिंब बाहेर गेलं की एक लंब बाजूवर पडतो आणि दुसरा बाजूच्या वाढवलेल्या रेघेवर. मग एकीकडं तुकड्यांची बेरीज करायची आणि दुसरीकडं वजाबाकी. बाजू सारख्या कुठल्या व्हायला! एकाही वाक्यात खोट नव्हती, खोट चित्रात होती. आणि चित्राबद्दल कुणी एक शब्द बोललंच नव्हतं.

"चौतीस वर्षांत दोन पोरांनी पकडलं," सर डोळे पुसत म्हणाले. "दोरीनं पकडणारा तू पहिला."

"तुमाला कुणी दाखवलं हे?"

"कॉलेजात माझ्या सरांनी."

"तुमाला लगेच सापडलं?"

सरांनी काकींकडं बघितलं. काकी शंकरपाळ्या सावरत होत्या. "चार महिने लागले," सर हळूच म्हणाले.

मी दोरी गुंडाळत होतो, पण डोक्यातली गाठ सुटत नव्हती. "सर, चार महिने तुमाला हे खरंच वाटत हुतं?"

"खोटं आहे हे माहीत होतं. चूक दिसत नव्हती."

"उत्तर वेडंवाकडं आलं म्हणून तुमी शोधली. उत्तर नीट आलं असतं तर शोधली असती?"

सरांनी खाली पडलेला खडू उचलला.

"मग कालच्या चार तुकड्यांत असं टिंब न्हाई कशावरनं?"

"यल्लाप्पा, ते हजारो वर्षं, लाखो लोकांनी तपासलंय."

"लाख माणसांनी कच्चंच बघितलं असंल तर? ह्या सोप्यात तुमी तीस वर्षं राहता. काटकोन हाय म्हणूनच राहिलात न्हवं?"

"ते मापाचं झालं. मापात चूक असतेच. सिद्धतेत—"

"सिद्धता तपासतो कोण? माणूसच न्हवं?"

"आपण पुन्हा तपासतो."

"पुन्हा बी त्याच डोक्यानं."

सरांनी खडूनं पांढरी झालेली बोटं झटकली. शेवटी म्हणाले, "हे बघ. प्रमेय खरं असेल, तर ते कायमचं खरं आहे. तुझ्यामाझ्यावाचून खरं आहे. पण ते खरं आहे हे मला कळलंय, असं म्हणताना मी मधे येतो. आणि मी कोण? दोरीला अडखळणारा म्हातारा. मला चूक दिसत नाही, एवढंच मी खरं बोलू शकतो."

"मग पुस्तकात तसं का लिहीत न्हाईत?"

"पुस्तक भित्रं असतं." मग एकदम मास्तर होऊन बोट उगारलं, "पण पेपरात हा आगाऊपणा करू नकोस! शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते' असं लिहायचं आणि मुकाट्यानं उठायचं. ऐकतोस ना?"

मी मान हलवली.

मंगळवारी बारा फरशा आल्या. शुक्रवारी काम संपलं. एकशे ऐंशीतल्या दोन उरल्या आणि काकींनी त्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, गणिताला जोड म्हणून. रविवारी राजमतीची सुपारी फुटली. त्यानंतर परीक्षेपर्यंत रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर सरांकडं बसलो.

पेपरात तेच प्रमेय आलं. चार मार्कांना. हसू नका, मी हसलो होतो, परीक्षेच्या वर्गावरच्या सुपरवायझरनं दम दिला.

जूनमध्ये निकाल लागला. गणित एकतीस. पस्तीसला पास. ठेकेदार म्हणाला, "चार मार्कांनीच राहिलास होय रे," आणि जागा भाच्याला दिली. त्या भाच्याला ओळंबा कुठल्या बाजूनं धरायचा हे मी शिकवलं, पुढं दोन वर्षं त्याच्याच हाताखाली राबत.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते असं सर म्हणाले. मागवली. दोघं नव्या फरशीवर बसून बघायला लागलो. सरांनी चष्मा लावला. पक्ष बरोबर. साध्य बरोबर. रचना, सिद्धता, एक-एक ओळ बोट ठेवून वाचली. बरोबर, बरोबर, बरोबर. मग शेवटची ओळ आली आणि सरांचं बोट थांबलं.

"यल्लाप्पा. हे काय लिहिलंस?"

मी काय लिहिलं होतं ते तुम्हाला आठवत नसेल, म्हणून सांगतो. 'हेच सिद्ध करायचे होते' च्या जागी मी लिहिलं होतं: 'मला ह्यात चूक दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच, असे मी म्हणत नाही. तपासणाऱ्यांनी बघावी.'

खाली तुमची लाल रेघ. रेघेवर शून्य. आणि बाजूला तुमच्या अक्षरात, 'मग सिद्ध काय केले?'

"तुला सांगितलं होतं ना," सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"हात वळंना, सर. खोटं लिहायचं म्हंजे."

सरांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "मी तपासली असती तर तीन दिले असते. एक आगाऊपणाचा कापला असता."

"म्हंजे किती झालं असतं?"

सरांनी मनात बेरीज केली. त्यांचा चेहरा पडला. "चौतीस."

"मग नापासच की ओ!"

काकी आतून म्हणाल्या, "बघा! एक जास्त आणायचं माहीतच नाही ह्यांना!"

ऑक्टोबरला पुन्हा बसलो. दुसरं प्रमेय आलं. ते मी शब्दाला शब्द तसंच लिहिलं आणि शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते' असं ठोकून दिलं. त्या पेपरात तेवढं एकच वाक्य मी न पटता लिहिलं. त्याचे चारपैकी चार मिळाले. दहावी पास झालो.

आता मी थापी सोडली. पुस्तकं लिहितो. चार छापून झाली. तुमच्याच जातकुळीतले लोक ती वाचून म्हणतात, भाषा रांगडी आहे, मांडणीत शिस्त नाही. म्हणोत. मी एकाही पानावर नसलेली खात्री लिहिलेली नाही.

तुम्ही मला प्रश्न विचारलात, मग सिद्ध काय केले? माझं उत्तर वर सगळं लिहिलेलं आहे. आता माझी पाळी. मी तुम्हाला पेपरातच सांगितलं होतं, चूक असेल तर बघा म्हणून. तुम्ही चूक दाखवली नाहीत, आणि मार्कही दिले नाहीत. तेव्हा एवढंच सांगा: माझ्या प्रमेयात चूक होती का? होती, तर कुठल्या ओळीत? आणि नव्हती, तर ती नव्हती हे तुम्हाला कशावरून कळलं?

एका पोस्टकार्डावर मावेल. सर ब्याऐंशीचे आहेत आणि भेट झाली की दर वेळी विचारतात, "उत्तर आलं का रे?" फार उशीर करू नका.